एका भोपळ्याची समीक्षा

समीक्षक व्हायचं तर जाड पुस्तकं वाचावी लागतात, असा आपल्याकडे एक समज आहे. तो बहुधा पुस्तकविक्रेत्यांनी पसरवला असावा. मी आज ज्या कृतीचं परीक्षण करायला बसलो आहे, ती उणीपुरी एका ओळीची आहे. तिला प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही, आणि 'दोन शब्द' अशा मथळ्याखाली लिहिलेली बावीस पानंही नाहीत. लेखकाचं नावसुद्धा कुठे नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या क्रीडाखात्यातल्या कुण्या कारकुनाने ती लिहिली असावी, आणि लिहून तो जेवायला गेला असावा. ओळ अशी :

मॅट कॅसल, क्वार्टरबॅक – फेकी 33, यार्ड 192, टचडाऊन 0, इंटरसेप्शन 1.

संपली कृती. एकदोन किरकोळ रकाने मी गाळले आहेत, पण त्यांनी रसहानी होत नाही. एका तरुण मुलाने लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात 2000 ते 2004 अशी पाच वर्षं फुटबॉल खेळून जे काही साधलं, ते हे एवढं. सरासरी काढली तर वर्षाला सात फेकीसुद्धा भरत नाहीत. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ होते, ते केळ्याच्या साली याहून अधिक फेकी करीत आणि त्यांचा नेमही चांगला होता.

ही ओळ माझ्यापर्यंत पोचवली आमच्या पुतण्याने. तो लॉस एंजेलिसजवळ असतो आणि आम्ही दोघं त्याच्याकडे दोन महिने मुक्काम ठोकून होतो. तिकडे कॉलेजचा फुटबॉल शनिवारी आणि धंदेवाईक फुटबॉल रविवारी, म्हणजे आठवड्याचे दोन वार बाजारहाट, पाहुणे आणि घरची कामं यांना बंद. एका शनिवारी त्याने संगणकावर ही ओळ काढली आणि म्हणाला, "काका, एवढं वाचा आणि सांगा, हा माणूस पुढे काय झाला असेल?" आमच्या सौ. ताबडतोब म्हणाल्या, "विम्याचा एजंट." मी काही बोललो नाही. शेवटचं पान पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा समीक्षेचा पहिला नियम आहे.

आता कृतीचं मर्म कळायला आधी थोडी पार्श्वभूमी हवी. त्या खेळाला फुटबॉल म्हणतात. त्यात पाय असतात आणि चेंडूही असतो, पण दोघांची गाठ क्वचित पडते. शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांचा. या सगळ्या सरकासरकीचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. मग तो कुणा पळणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा की लांबवर धावत सुटलेल्या गड्याकडे फेकायचा, हे त्याने दोनतीन सेकंदांत ठरवायचं असतं, आणि तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोचे चारसहा सज्जन त्याच्या अंगावर चालून येत असतात. फेकलेला चेंडू आपल्या माणसाने शेवटच्या रेषेपलीकडे झेलला की टचडाऊन. समोरच्याने झेलला की इंटरसेप्शन, म्हणजे आपली पंगत वाढून तयार आणि जेवून गेले शेजारी.

थोडक्यात, लग्नघरात कोठीच्या खोलीची किल्ली ज्याच्या कमरेला असते, तो हा माणूस. आणि गंमत अशी की किल्ली एकच असते. क्रिकेटमध्ये पाच-सहा फलंदाज लागतात, चार-पाच गोलंदाज लागतात. एकाला सर्दी झाली तर दुसऱ्याची सोय होते. क्वार्टरबॅक मात्र मैदानात एकच. राखीव असलेल्याने बाजूला उभं राहायचं, सगळे डाव पाठ करायचे, आठवडाभर घाम गाळायचा आणि शनिवारी स्वच्छ कपड्यांत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. त्याची पाळी दोनच प्रसंगी येणार : पहिल्याचं हाडबीड मोडलं तर, किंवा सामन्याचा निकाल आधीच लागून गेला तर. अशा मुलाने रोज सकाळी प्रार्थना करताना नेमकं काय मागायचं, हा मोठाच धर्मसंकटाचा प्रश्न आहे. मित्राचा गुडघा शाबूत राहो म्हणावं, तर आपली पाळी नाही. आपली पाळी येवो म्हणावं, तर शोभत नाही.

कॅसलच्या बाबतीत हे संकट दुहेरी होतं. तो राखीव होता, पण कुणाचा? आधी कार्सन पामर नावाच्या खेळाडूचा. त्याला 2002 साली हाइझमन करंडक मिळाला. सगळ्या अमेरिकेतल्या कॉलेजांत मिळून त्या वर्षीचा जो सर्वोत्तम खेळाडू, त्याला तो देतात. पामर गेला. आता तरी किल्ली मिळेल, तोवर धाकटा मॅट लायनर्ट पुढे आला. त्याला 2004 साली हाइझमन मिळाला! एका वडाखालून रोपटं उचलून बाजूला लावावं, तर तिथेही वड उगवावा, तशातली गत. ओळीत याचा उल्लेख कुठे आहे? कुठेच नाही. लेखकाने पार्श्वभूमीच उडवली आहे. नायक कोणत्या परिस्थितीत सापडला आहे हे न सांगता त्याच्या वागण्यावर शेरा मारणं हा कादंबरीत दोष मानतात. आकड्यांत मात्र त्याला अचूकपणा म्हणतात.

दुसरा आक्षेप तंत्राविषयी. राखीव क्वार्टरबॅक मैदानात येतो केव्हा? आपला संघ तीस-चाळीस गुणांनी पुढे असतो, प्रेक्षक मोटारीच्या किल्ल्या चाचपत उठू लागलेले असतात, तेव्हा. त्या वेळी प्रशिक्षकाची आज्ञा असते की आता शौर्य गाजवू नकोस. चेंडू पळणाऱ्याच्या हाती दे आणि घड्याळ चालू ठेव. हरलेल्याच्या जखमेवर मीठ चोळू नये, असा त्यामागे सभ्यपणाही असतो. म्हणजे जो मुलगा आज्ञेप्रमाणे वागेल, त्याच्या टचडाऊनच्या रकान्यात काही पडणार नाही. ज्याला आपण भोपळा म्हणतो, तो पुष्कळदा आज्ञाधारकपणाचा दाखला असतो. (तिकडे फुटबॉलचा हंगाम आणि भोपळ्यांचा हंगाम एकाच वेळी येतो. घराघरांच्या पायऱ्यांवर हे मोठाले भोपळे मांडून ठेवतात. तो योगायोग नसावा, असं माझं मत आहे.)

याहून मजा पुढे आहे. जिंकणारा संघ शेवटची काही सेकंदं संपवण्यासाठी क्वार्टरबॅकला चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकायला सांगतो. विजयावर शिक्कामोर्तब करायची ती रीत आहे. पण हिशेबनीस काय करतो? गुडघा टेकताना तो एखादा यार्ड मागे सरकला म्हणून त्याच्या धावण्याच्या खात्यात उणे एक मांडतो. जो पोरगा पाच वर्षं बाजूला उभा होता, ज्याला शेवटची वीस सेकंदं बोलावलं, ज्याने सांगितल्याप्रमाणे गुडघा टेकून सामना जिंकून दिला, त्याच्या नावावर कर्ज! आमच्याकडे घरच्या कार्यात पडेल ते काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर शेवटी हरवलेल्या दोन वाट्या मारतात, त्यातलाच हा प्रकार.

आता हे सगळे आकडे एकत्र कालवून गुणवत्तेचा एकच आकडा काढायचा, म्हणून कॉलेजवाल्यांनी 1979 साली एक सूत्र बसवलं. ते ऐका. यार्डांना 8.4 ने गुणा. टचडाऊनना 330 ने गुणा. आपल्या माणसाने झेललेल्या फेकींना 100 ने गुणा. बेरीज करा. इंटरसेप्शनना 200 ने गुणून त्यातून वजा करा. आलेल्या आकड्याला एकूण फेकींनी भागा. मी हे वाचून दाखवलं तेव्हा सौ. म्हणाल्या, "अनारशांचं पीठसुद्धा एवढं कटकटीचं नसतं." धंदेवाईक लीगचं सूत्र आणखी वेगळं. त्यात निर्दोष खेळ म्हणजे 158.3 गुण! आपण शंभरपैकी पस्तीस मिळाले की पेढे वाटणारी माणसं. एकशे अठ्ठावन्न पूर्णांक तीन दशांशपैकी पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाला नेमकं किती पेढ्यांचं बक्षीस द्यायचं, हे पुन्हा त्रैराशिकाने काढावं लागेल.

पण त्या सूत्रात एक जागा मला आवडली. शेवटी फेकींनी भागायचं असतं. ज्याने एकही फेक केली नाही, त्याच्या बाबतीत शून्याने भागायची पाळी येते. आणि शून्याने भागता येत नाही, हे आपल्याला शाळेत छडी मारून शिकवलेलं आहे. म्हणजे ज्याला संधीच मिळाली नाही, त्याच्यापुढे गणित हात जोडतं. म्हणतं, याच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. गणिताला जे कळतं, ते मुलाखत घ्यायला बसलेल्या तीन माणसांना कळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. मी ज्या कचेरीत आयुष्य काढलं, तिथे सहा वर्षं मी 'प्रभारी' होतो. प्रभारी म्हणजे खुर्चीवर बसायचं, पण पाठ टेकायची नाही. वरच्या जागेचं सगळं काम मी करीत होतो. सही तेवढी 'करिता' अशी होती. पुढे ती जागा रीतसर भरायची ठरली, तेव्हा माझ्या कागदावर 'सदर पदाचा अनुभव' या शीर्षकापुढे एकच शब्द होता : निरंक. सरकारी मराठीने आपल्याला दिलेला हा शब्द मी तेव्हापासून फार विचारपूर्वक वापरतो. निरंक आणि शून्य एक नव्हेत. शून्य म्हणजे गेलो, खटपट केली आणि रिकाम्या हाताने परत आलो. निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही घडलंच नाही. तालुक्यात पटकीने माणसं दगावली नाहीत, तर अहवाल 'निरंक' जातो. म्हणून कुणी तालुक्याला नापास करीत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र निरंकाचं शून्य करून वाचायची पद्धत आहे.

या बाबतीत क्रिकेट अधिक सुसंस्कृत आहे, असं म्हणावं लागेल. त्यात भोपळा वेगळा आणि 'फलंदाजी केली नाही' हे वेगळं. फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन तेंडुलकर 326, विनोद कांबळी 349, दोघेही नाबाद. हे पाठ नसलेला मराठी माणूस विरळा. त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचं म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. तो बसूनच राहिला. त्या धावफलकात त्याच्या नावापुढे एकही आकडा नाही. पण शून्यही नाही! पुढे त्याने प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा काढल्या आणि भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. कारण तिथेही मधल्या फळीत वडांची रांगच होती. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून तोच उभा होता. सीमारेषेच्या बाहेर. ती जागा त्याला चांगली ओळखीची होती.

असो. आता आपल्या ओळीचा उत्तरार्ध. 2005 साली धंदेवाईक लीगच्या निवडीत कॅसलला न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या संघाने सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलं. क्रमांक 230. ज्याने कॉलेजात एकदाही क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात केली नव्हती, त्याला उचलणारा कुणीतरी तिथे होता. त्या भल्या माणसाने ही ओळ वाचली नसेल, असं नाही. वाचून ती बाजूला ठेवली असेल. पण तिथेही नशीब कसं, पाहा. तिथे तो राखीव झाला टॉम ब्रेडीचा! म्हणजे दोन वडांच्या सावलीतून निघाला आणि थेट पिंपळाच्या पाराशी येऊन बसला. पहिल्या तीन हंगामांत त्याच्या वाट्याला 39 फेकी आल्या. कॉलेजच्या 33 धरून आठ वर्षांत बहात्तर. हा ब्रेडी स्वतः 2000 साली 199 व्या क्रमांकावर निवडला गेला होता, आणि मिशिगन विद्यापीठात तोही सुरुवातीला बाजूलाच उभा असे. तेव्हा निवड करणाऱ्यांच्या दृष्टीचा भरवसा किती धरायचा, ते तुम्हीच ठरवा.

मग 7 सप्टेंबर 2008 उजाडला. हंगामाचा पहिला सामना, त्यातलं पहिलंच सत्र, आणि ब्रेडीचा गुडघा गेला. आदल्या वर्षी याच संघाने साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकलेले. आता सगळ्यांच्या नजरा त्या एका ओळीवर. भोपळावाला पोरगा आत आला. संघ स्वतःच्याच रेषेच्या तोंडाशी अडकला होता, तिथून त्याने रँडी मॉसकडे 51 यार्डांची फेक केली आणि तो सामना जिंकला. पुढल्या आठवड्यात त्याने सुरुवातीपासून खेळ केला. 1999 मध्ये शाळेत असताना केला होता, त्यानंतर प्रथमच. त्या हंगामात त्याने 3,693 यार्ड आणि 21 टचडाऊन केले आणि संघाने सोळांपैकी अकरा सामने जिंकले. नोव्हेंबरमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत 400 आणि 415 यार्ड! पाच वर्षांत मिळून 192 आणि इथे एका दुपारी त्याच्या दुप्पट.

डिसेंबरमध्ये त्याचे वडील वारले. सहा दिवसांनी ओकलंडला सामना होता. तो उभा राहिला आणि त्याने चार टचडाऊन फेकले. हिशेबनिसाने रकान्यात 4 लिहिलं. त्याची तरी काय चूक? रकाना तेवढाच होता.

हे वाचून कुणी असा निष्कर्ष काढू नये, की प्रत्येक भोपळ्यात एकेक राजपुत्र दडलेला असतो. तसं नसतं. कॅसलसुद्धा कुणी अजिंक्य वीर ठरला नाही. 2009 मध्ये तो कॅन्सस सिटीला गेला. 2010 साली तिथे 27 टचडाऊन करून लीगच्या निवडक खेळाडूंत जाऊन बसला. मग आकडे घसरले. 2012 साली तो डोक्याला मार लागून मैदानात पडला, तेव्हा घरच्याच काही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. रकान्यात ते नाही, हे एका परीने बरंच झालं. 2018 पर्यंत तो या ना त्या संघात खेळत राहिला, पुष्कळदा राखीव म्हणूनच. उलट लायनर्ट. त्याने कॉलेजात 99 टचडाऊन फेकले होते, पहिल्या फेरीत दहाव्या क्रमांकावर तो निवडला गेला, आणि धंदेवाईक लीगमध्ये त्याच्या नावावर पंधरा आहेत. कॅसलच्या नावावर शंभराहून जास्त. म्हणून लायनर्ट वाईट का? मुळीच नाही. 99 ची ओळही खरी होती आणि 0 ची ओळही खरीच होती. दोन्ही ओळींना उद्याचं काही ठाऊक नव्हतं, इतकंच. आपण मात्र त्या पंचांगासारख्या वाचतो.

आणि मला खरी रुखरुख कॅसलची नाहीच. त्याचं झालं ते उत्तम झालं. त्याच्यासारखेच प्रत्येक विद्यापीठात दोनदोन-तीनतीन उभे असतात. त्यांच्या पुढचा गुडघा कधीच मोडत नाही, आणि तो मोडू नये असंच त्यातल्या चांगल्या मुलांना वाटत असतं. ते पाच वर्षं डाव पाठ करतात, सरावात उद्याच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेऊन आपल्याच गड्यांकडून आदळून घेतात, आणि पदवी घेऊन घरी जातात. मग कुठेतरी मुलाखतीच्या टेबलापलीकडून कुणीतरी कागद वर धरून म्हणतं, "इथे तर काहीच दिसत नाही." दिसणार कसं? दिसायला मैदानात जावं लागतं. आणि मैदानात जायला आधी काहीतरी दिसावं लागतं. या वर्तुळात आपल्याकडची निम्मी तरुण मंडळी गोल फिरत आहेत. 'अनुभवी पाहिजे' या दोन शब्दांच्या जाहिरातीने जेवढी माणसं दमवली, तेवढी मुंबईच्या लोकलनेही दमवली नसतील.

शेवटी, परीक्षणाच्या रिवाजाप्रमाणे दोन गोष्टी. कृती अल्पाक्षरी आहे, भाषा स्वच्छ आहे, एकही विशेषण नाही, पाल्हाळ नाही. एवढ्या गुणांची कृती मराठीत क्वचित प्रसिद्ध होते, हे मान्य केलंच पाहिजे. मुद्रणाची एक चूक मात्र राहून गेली आहे. टचडाऊनच्या रकान्यात शून्य पडलं आहे, तिथे 'निरंक' हवं होतं. आता 33 फेकी केल्या असताना निरंक कसं म्हणणार, अशी शंका एखादा काटेकोर वाचक काढील. त्याला एवढंच सांगतो, की सहा वर्षं प्रभारी राहून बघा. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी दुरुस्ती करावी.